इतिहासात एमए आणि बाबांचा १ जून

आमच्या घरात तीन माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो. बाबा, मधले काका आणि आत्या. सासरे पण १ जून. ऑफिसातले शिपाईमामा पण १ जून. त्या दिवशी फॅमिली ग्रुपवर केकचे आणि गुलाबांचे इतके फोटो पडतात की मोबाईल चार्जिंगला लावूनच ठेवावा लागतो. ज्यांची मागची पिढी गावात शिकली त्यांना यातलं काही सांगायला नको, जूनमधे शाळा उघडायची, पोराला हाताला धरून कोणीतरी आणून सोडायचं, गुरुजी विचारायचे जन्म कधीचा, आणणाऱ्याला ठाऊक नसायचं, मग गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे, धरता आला तर बस आत, आणि रजिस्टरात १ जून आणि पुढे हिशेबात बसेल ते साल. झालं. त्या सालावर माणूस नोकरीला लागला, त्याच सालावर रिटायर झाला.

बाबा रिटायर झाले ३१ मे २००३ ला, ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीतून, दाखल्यावर १ जून १९४५ होतं म्हणून. आजीच्या म्हणण्याप्रमाणे ते त्याहून दोन वर्षांनी लहान. म्हणजे दोन वर्षांचा पगार कुठल्यातरी गुरुजींच्या दौतीत बुडाला. माझी एमएची परीक्षा तेव्हा नुकतीच आटपली होती, विषय इतिहास, आणि बाबा कंपनीने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ खोक्यातून काढता काढता म्हणाले, "तू एवढी जुनी कागदं वाचतेस, माझा एक कागद शोधून दे."

तो कागद सापडायला वीस वर्षं लागली, आणि सापडला तेव्हा त्याचा पगाराशी काही संबंध उरला नव्हता.

मी इतिहास घेतला तो काही फार प्रेमापोटी वगैरे नाही. दहावीला गणितात ४१ पडले, सायन्स-कॉमर्सचा प्रश्नच मिटला, आर्ट्सला गेले, आणि एफवायला सायकॉलॉजीच्या वर्गात बसायला जागा नसायची म्हणून हिस्टरी. घरी कोणाला आनंद झाला नाही. कळव्याला आमच्या आजूबाजूला सगळे कंपनीवाले, त्यांची पोरं आयटीआय नाहीतर बीकॉम, त्यामुळे इतिहास म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग पुढे काय, टीचर का? जरा भला माणूस असला तर एमपीएससी करणार असेल ती, असं स्वतःच उत्तर देऊन माझी सुटका करायचा. मीही मान हलवायचे. एमपीएससीचा फॉर्म मी आयुष्यात भरलेला नाही.

आणि पहिलं वर्ष तर लोकांचंच बरोबर आहे असं वाटायला लावणारं होतं. आमचे एक सर वही उघडायचे आणि सांगायला लागायचे, स्वल्पविरामासकट, वहीची पानं एवढी पिवळी की तीच एखाद्या दफ्तरखान्यात जमा करायला हवी होती. १८५७ च्या उठावाची कारणं राजकीय, आर्थिक, सामाजिक, धार्मिक, लष्करी, तात्कालिक. सहा हेडिंगं, प्रत्येकी चार ओळी, खाली स्केलने रेघ. मला ते मस्त जमायचं, आजही झोपेतून उठवलं तर सांगेन.

एसवायला एक बाई आल्या. आल्या आल्या विचारलं, ठाण्याला पहिली गाडी आली तिला किती वेळ लागला? आता १६ एप्रिल १८५३ ही तारीख ठाण्यातल्या पोराला पोलिओच्या डोसासोबतच पाजतात. बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटर, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी, सगळं धडाधडा बोलून झालं. वेळ? कोणी म्हणालं ५७ मिनिटं, कोणी म्हणालं सव्वा तास. बाई म्हणाल्या, दोन्ही छापलेलं आहे, आता तुम्ही ठरवा.

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय. ठरवा म्हणजे? पुस्तकात काय असेल ते खरं ना? मग त्यांनी एकेक प्रश्न फळ्यावर लिहायला घेतला. घड्याळ कोणाचं होतं? गाडी सुटली असं कधी धरायचं, तोफ उडाली तेव्हा की चाक हललं तेव्हा? इंजिनात पाणी भरायला थांबली असेल तर तो वेळ धरला की वगळला? लिहिणारा गाडीत बसलेला होता की दुसऱ्या दिवशी कोणाकडून ऐकून लिहीत होता? आणि मुळात पहिली म्हणजे कुठली पहिली? मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मधे दगड वाहायला रूळ टाकून झाले होते, रुरकीला १८५१ मधे कालव्याच्या कामावर माती ओढायला इंजिन धावलं होतं, तेव्हा 'पहिली' च्या पुढे 'प्रवासी' लिहायचं, नाहीतर लिहूच नका. तास संपला तरी किती मिनिटं ते ठरलं नव्हतं. मला राग आला होता खरं तर, फी भरून उत्तर मिळत नाही हा काय प्रकार. पण त्या दिवसानंतर कुठेही 'सर्वात पहिला', 'सर्वात जुना' असं वाचलं की माझ्या मनात पाल चुकचुकते ती चुकचुकतेच. (फॅमिली ग्रुपवर मी दोनतीनदा 'हे कुठे मिळालं?' असं विचारलं, तर आता काका काहीही फॉरवर्ड करताना खाली लिहितात, मॅडमनी कृपया दुर्लक्ष करावे.)

टीवायला त्या आम्हाला जेलसमोर घेऊन गेल्या. ठाण्याचं सेंट्रल जेल म्हणजे जुना किल्ला, पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ ला मराठ्यांनी जिंकलेला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांच्या हातात गेलेला. आत जायचा प्रश्नच नव्हता, रस्त्याच्या पलीकडे उभं राहून लेक्चर, मधेमधे रिक्षावाले कुठे जायचंय विचारतायत. तिथे त्यांनी त्रिंबकजी डेंगळ्यांची गोष्ट सांगितली. गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा १८१५ मधे पंढरपुरात खून झाला, आळ त्रिंबकजींवर आला, पुण्यातला इंग्रजांचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याने तगादा लावून त्यांना दुसऱ्या बाजीरावाकडून ताब्यात घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. पहारा मुद्दाम गोऱ्या शिपायांचा, म्हणजे कोणी फितायला नको. आणि सप्टेंबर १८१६ मधे त्रिंबकजी पळाले. कसे, तर म्हणे एका साहेबाकडे एक मराठी मोतद्दार कामाला लागला, घोड्याला खरारा करता करता खिडकीखाली गाणं म्हणायचा, झाडाखाली घोडा बांधलाय, माणसं झुडपाआड आहेत, घोडे पंचावन्न आणि स्वार चोपन्न, अशा अर्थाचं. पहारेकरी रोज ऐकत होते. मराठी येत कोणाला होतं?

गोष्ट भारीच आहे, आमच्यातली दोन पोरं तर तिथेच टाळ्या वाजवायला लागली. बाईंनी विचारलं, गाण्याचे मराठी शब्द काय होते? आम्ही गप्प. तर म्हणाल्या, हे गाणं आपल्यापर्यंत आलंय ते बिशप हेबर नावाच्या इंग्रज धर्मगुरूच्या प्रवासवर्णनातून, इंग्रजी पद्यात, यमक बिमक जुळवून. हेबर या बाजूला आला घटनेनंतर आठनऊ वर्षांनी. म्हणजे मोतद्दार मराठीत गायला, कोणीतरी ते लक्षात ठेवलं, कोणीतरी इंग्रजांना सांगितलं, साहेबाने त्याची कविता केली आणि आपण ती परत मराठीत एकमेकांना सांगतोय. यात मोतद्दाराचं किती उरलं? गाणं खोटं आहे असं त्या म्हणाल्या नाहीत. मधे किती हात आहेत ते मोजा, एवढंच म्हणाल्या. मला आजही कोणी 'अमुक अमुक म्हणाला' असं सांगायला लागलं की मी मनात हात मोजते.

हे सगळं चालू असताना बाहेर महाराष्ट्रात शिवजयंतीच्या तारखेचा घोळ चालू होता. आधी वैशाखातली, १६२७ ची तारीख धरायचे. मग टिळकांनी १९१६ मधे जेधे शकावली, म्हणजे जुन्या घटनांची तारीखवार यादी छापली, त्यात फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. आणि सरकारने ती मान्य केली २००१ मधे, मी टीवायला असताना. पंच्याऐंशी वर्षं! आजही काहीजण तिथीने करतात, काहीजण तारखेने, वर्गणी दोघांना द्यावी लागते. आमच्या वर्गात त्यावर जोरदार भांडणं झाली, आणि भांडताना मी पहिल्यांदा एक वाक्य बोलले ज्याची नंतर आयुष्यभर सवय लागली, की तुझं म्हणणं बरोबर असेल पण तू दाखवतोयस तो कागद ते म्हणत नाहीये.

एमएला कलिन्याला. कळव्याहून स्लो लोकल, कुर्ल्याला उतरून बस, बसमधे उभं राहून झोप. तिथे मोडीचा कोर्स केला. मोडी म्हणजे काय तर आधी पानभर आडवी रेघ मारायची आणि मग बोरू न उचलता अक्षरं लोंबकळवत जायचं, शब्द कुठे तुटतो ते दाखवायची पद्धत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, आणि लिहिणारा घाईत असला तर सगळंच गांडुळांसारखं दिसतं. पहिले दोन महिने मी फक्त 'श्री' ओळखायचे. मग एके दिवशी काय झालं कोण जाणे, सायकल येते तसं आलं.

त्याच वर्षी पुण्याला पेशवे दफ्तर बघायला नेलं. तिथे कागद फायलीत नसतात, रुमालात असतात, म्हणजे कापडात बांधलेली गाठोडी, असे हजारो रुमाल, एकूण कागद कोटींच्या घरात. एक सोडून दाखवला. एवढंसं पत्र, शेवटी बहुत काय लिहिणे, खाली शिक्का, आणि तारखेच्या जागी 'सबा सबैन मया व अलफ'. हे अरबी आकडे, सात, सत्तर, शंभर, हजार, मिळून ११७७, हे शुहूर सन, त्यात ५९९ मिळवले की १७७६. पण हे सन मृगाला चालू होतं, म्हणून महिना पुढच्या इंग्रजी वर्षातला असेल तर ६००. मी, गणितात ४१ वाली, हे बोटांवर करायला लागले आणि मला ते आवडायला लागलं. गणिताच्या बाईंनी शाळेत या आकड्यामागे एक माणूस बसलाय असं एकदा तरी सांगायचं ना.

त्या पत्राच्या पाठीवर दुसऱ्याच हातची बारीक ओळ होती, 'पैवस्ती' आणि पुढे तारीख. म्हणजे पत्र लिहिलं कधी ते आत, आणि पोचलं कधी ते पाठीवर. दोन तारखा, मधे बारा दिवस. दफ्तरातले गृहस्थ म्हणाले, पत्र लिहिलं त्याच दिवशी त्यातलं सगळं पुण्याला माहीत होतं असं धरून तुम्ही मुलं चुका करता, बारा दिवस पुणं अंधारात होतं ते विसरता. बस. मला वाटतं दोन वर्षांत मी कुठल्या एका वाक्याची फी वसूल केली असेल तर या.

तर मे २००३. घड्याळ भिंतीवर लागलं, कागद शोधायचा होता, आणि माझ्याकडे पुरावा काय तर आजी.

आमचं मूळ गाव उरणकडे, खाडीकाठी. आजी सांगायची, "रामदास बुरली तवा ह्यो माझे पोटान व्हता, नववा मयना." रामदास म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, १७ जुलै १९४७ ला, ऐन गटारीच्या दिवसांत बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचं कॅलेंडर रामदासच्या आधी आणि रामदासच्या नंतर असंच चालतं. म्हणजे आजीचं खरं धरलं तर बाबा १९४७ च्या पावसाळ्यातले.

पण आजीचं खरं धरायचं का? तिला आकड्यांचं वावडं होतं. पोरं किती असं विचारलं की बोटं मोडत सांगायची, करंगळी मोडून जरा थांबायची, मग पुढच्या बोटापासून एकेक नाव. नावं चार, बोटं पाच. आम्ही नातवंडं मुद्दाम पुन्हापुन्हा विचारायचो आणि हसायचो. आता हिची साक्ष कंपनीच्या एचआरपुढे कशी ठेवायची? मी ठेवलीही नाही. कंपनीने सांगितलं दाखला म्हणजे दाखला, नोकरीच्या शेवटाला कोणी तारीख बदलून देत नाही, आणि ते बरोबरच होतं. मी एक गोष्ट केली, आजीला टेपरेकॉर्डरसमोर बसवून तासभर बोलायला लावलं, कारण तोंडी साधनं वेळेत गोळा करा असं वर्गात सांगितलेलं. ती रामदासबद्दल बोलली, किनाऱ्याला काय काय लागलं ते बोलली, करंजा गावची कोण माणसं गेली ते बोलली. मी तिला जे विचारायला पाहिजे होतं ते विचारलं नाही, कारण मला प्रश्नच माहीत नव्हता. २००९ ला आजी गेली. कॅसेटला बुरशी आली.

नोकरी मला लगेच मिळाली नाही हे सांगायला हवं, नाहीतर हे सगळं फार गोड वाटेल. दोन वर्षं ऐरोलीला बीपीओत काढली, रात्रपाळी, परदेशातल्या लोकांचे इन्शुरन्सचे फॉर्म तपासायचे. इंटरव्यूला एका मुलाने, माझ्याहून लहानच असेल, विचारलं, हिस्टरी? मग इथे काय करणार? मी म्हटलं, फॉर्म कोण खोटा भरतंय ते ओळखेन. तो हसला. मी ओळखायचे पण. फार काही दैवी नाही त्यात, ज्याला घाई असते तो सगळीकडे एकाच पेनाने आणि एकाच दमात लिहितो.

मग बेलापूरला एका वकिलांकडे लागले, ती आजपर्यंत. टायटल सर्चचं काम. जमीन घेणाऱ्याला कळायला हवं की विकणारा खरोखर मालक आहे का, त्यासाठी इंडेक्स टू, सातबारा, फेरफार, मागे मागे जात राहायचं. नवी मुंबईत तर हे काम म्हणजे विहिरीत उतरणं आहे. १९७० मधे सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या, आमच्या लोकांनी दि. बा. पाटलांच्या मागे रस्त्यावर उतरून मार खाल्ला, १९८४ ला जासईच्या बाजूला गोळीबारात पाचजण गेले, मग गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जागा परत द्यायची योजना आली, आणि त्या प्रत्येक साडेबारा टक्के प्लॉटच्या मागे एक कुटुंब आहे आणि त्या कुटुंबात वारस किती यावर निदान तीन मतं आहेत.

फेरफार वाचताना मला कलिन्याचे दिवस आठवतात. सातबाऱ्यावर नाव कमी झालं की त्याला कंस होतो. माणूस कंसात गेला म्हणजे जमिनीवरून उठला. पण का गेला ते सातबारा सांगत नाही, त्या नंबरचा फेरफार काढावा लागतो, तिथे तलाठ्याने तीन ओळींत अख्खं आयुष्य आटपलेलं असतं. एकदा एका फायलीत वारस म्हणून तीन मुलगे, सगळं स्वच्छ, वकीलसाहेब म्हणाले क्लिअर आहे, देऊन टाक रिपोर्ट. पण १९६८ च्या एका खरेदीखतात खाली साक्षीदारांच्या ओळीत एका बाईचा अंगठा होता, आडनाव भलतंच. म्हटलं, जिचा काही हक्क नाही तिला तालुक्याला आणून अंगठा कशाला लावून घेतील? त्या काळात बाईला साक्षीदार म्हणून मुद्दाम कोण नेत होतं? ती बहीण निघाली. तिची नातवंडं घणसोलीत राहतात, त्यांना पत्ताच नव्हता. साहेब दोन दिवस माझ्यावर चिडून होते कारण व्यवहार लांबला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला फाईल द्यायच्या आधी विचारायला सुरुवात केली, यात कोण नाहीये बघ जरा.

हे मला कोणी सिलॅबसमधे शिकवलेलं नाही. पण ते तिथूनच आलंय, त्या ५७ मिनिटांतून आणि खिडकीखालच्या गाण्यातून. दोनशे पानं दोन तासांत चाळून कामाची सहा बाजूला काढणं, दोन कागद भांडत असतील तर घाईने एकाला खोटं न ठरवणं, आणि रिपोर्टमधे 'यावरून एवढंच सांगता येतं' असं लिहायला न लाजणं. शेवटचं सगळ्यात कठीण. क्लायंटला ते ऐकायचं नसतं.

२०२३ च्या शेवटाला मराठा आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं, निवृत्त न्यायमूर्ती शिंद्यांची समिती नेमलेली, आणि अचानक मोडी वाचणाऱ्याला भाव आला. वीस वर्षं मला 'ते मोडी बिडी येतं ना तुला' असं चेष्टेत विचारणारे लोक फोन करून अहो-जाहो करायला लागले. मी एका तहसील कचेरीत (नाव नको, मला तिथे परत जायचं असतं) फेरफाराच्या नकलेसाठी गेले होते, रेकॉर्ड रूमच्या बाहेर ही गर्दी, एका आजोबांच्या हातात कोतवाल बुकाच्या पानाची झेरॉक्स, ते सगळ्यांना विचारतायत हे कोणाला लागतं का. मी वाचून दिलं. मग दुसऱ्याचं. मग तिसऱ्याचं. जेवायची वेळ टळली. रेकॉर्डकीपर बाहेर येऊन बघून गेला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं गाव कुठलं? तुमचं पण बघून घ्या की."

कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, गावात जन्मलं कोण आणि मेलं कोण. आमच्या गावचं काढून दिलं. वाळवीने कडा खाल्लेल्या, मोडी आणि मधेच बाळबोध म्हणजे देवनागरी, कोतवाल बदलला की अक्षर बदलतं. यात पोराचं नाव नसतं, बारशाच्या आधीच नोंद व्हायची. बापाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, तारीख.

ऑगस्ट १९४७. आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव, मुलगा, ता. २. आणि शेजारी नोंद केल्याची तारीख, ता. ६. पैवस्ती! मी तिथे उभ्या उभ्या हसले. रामदास बुडून सोळा दिवस. आजी बरोबर होती, अगदी महिन्याला बरोबर.

मला तिथेच थांबता आलं असतं. पण बाईंचा नियम होता, हवं ते सापडलं की मागची पुढची पानं वाचल्याशिवाय उठायचं नाही. मागे गेले. मे १९४५ ला पुन्हा आजोबांचं नाव. पणजोबांचं नाव. मुलगा.

मला आधी वाटलं दुसरा कोणी त्याच नावाचा. गावात एका नावाचे तीनतीन असतात. पण पणजोबांचं नाव जरा वेगळं आहे आमचं, ते दुसरं नाहीये गावात. मग मृत्यूच्या बाजूची पानं. नोव्हेंबर १९४६, बापाचं नाव तेच, मुलगा, वय दीड, ताप.

रेकॉर्डकीपर विचारत होता मिळालं का. मी हो म्हटलं.

घरी येताना गाडीत डोक्यात एकच, की बाबांच्या दाखल्यावर १९४५ आलं कुठून. गुरुजींनी वजाबाकी केली असणार असं मी वीस वर्षं धरून चालले होते. पण दाखला मी शंभरदा बघितलाय, शाळेत दाखल जून १९५२. सहा वर्षं वजा केली तर १९४६ येतं. १९४५ येत नाही. म्हणजे कोणीतरी साल सांगितलं. आजोबा सांगताना गोंधळले का, की पोर लवकर शाळेत बसावं म्हणून मोठ्याचं साल धाकट्याला लावलं, की त्यांच्या तोंडातून पहिला मुलगा म्हणून जे साल आलं तेच आलं? तिन्ही बसतं. एकही सिद्ध होत नाही. कोणाला विचारणार, कॅसेटला बुरशी, आणि आजीने त्या तासाभरात गावातली मेलेली माणसं सगळी सांगितली होती, हा एक सोडून. पण सांगत नव्हती असं तरी कसं म्हणू, दरवेळी करंगळी मोडतच होती की.

बाबांना सांगायला मला आठवडा लागला. रविवारी दुपारी ते टीव्ही बघत होते, आवाज बंद करून, आईची झोप मोडते म्हणून. मी मोबाईलवरचे फोटो दाखवले, अक्षर लावून दाखवलं, हे आजोबा, हे पणजोबा, ही तारीख. दोन ऑगस्ट ऐकून खूश झाले, "बघ, आई बोलायची ते खरं व्हतं," म्हणाले. मग मी दुसरा फोटो दाखवला. मग तिसरा.

माझे बाबा चौदाव्या वर्षी कामाला लागले, मोठा म्हणून. दोन काकांची शिक्षणं, आत्याचं लग्न, आजोबांचं आजारपण, सगळं मोठा म्हणून. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला, त्यांना मोडी येत नाही तरी बराच वेळ बघत होते. नंतर मोबाईल माझ्या हातात दिला.

"म्हंजे मोटा मी नाय," म्हणाले.

थोड्या वेळाने परत विचारलं, त्या पानाची झेरॉक्स मिळते का, मे महिन्याच्या.